समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही, कोर्स करू का?

अंबडचा_शिफ्टवाला
मी नाशिकला अंबडच्या कंपनीत सुपरवायझर आहे, वय ३४. समोरच्याचं काय बिनसलंय ते मला कळतच नाही. परवा लाइनवरचा एक पोरगा सकाळपासून गप्प गप्प, मला वाटलं झोप झाली नसेल म्हणून मी वर त्याची मस्करी केली, दुपारी चहाला दुसऱ्याकडून कळलं की त्याची आई दवाखान्यात ॲडमिट आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी पण तेच, बायको "काही नाही" म्हणते आणि मी खरंच काही नाही समजून बातम्या बघत बसतो (हसू नका). यूट्यूबवर बघितलं, भुवई अशी गेली की खोटं, नाक खाजवलं की खोटं. असं कळतं का खरंच? पाच हजाराचा एक ऑनलाइन कोर्स दिसतोय.

मानसशास्त्र_गंगापूररोड
पाच हजार वाचवा. हे सगळं पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञापासून सुरू होतं, त्याने १९६० च्या दशकात पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना छोटी गोष्ट सांगून तिला जुळणारा चेहरा फोटोतून निवडायला लावला. बरेच जुळले, पण भीती आणि आश्चर्य यात त्यांची गल्लत व्हायची, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. पुढे १९७८ ला त्याने आणि त्याचा सहकारी फ्रीझनने चेहऱ्याच्या हालचालींना नंबर दिले, ओठांचे कोपरे वर गेले की १२, गाल वर येऊन डोळे बारीक झाले की ६. नुसतं १२ म्हणजे बहुतेक वेळा फोटोपुरतं हसू, मनापासून हसताना सहसा ६ पण येतं. पण नंबर फक्त काय हललं ते सांगतो, का हललं ते नाही. २०१९ ला लिसा फेल्डमन बॅरेट वगैरे मानसशास्त्रज्ञांनी आधीचे अभ्यास तपासले तर रागात माणूस कपाळाला आठ्या घालतो ते साधारण ३० टक्के वेळा. आणि खोटं पकडण्यात आपण सगळेच ५४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे छापा-काटा.

मेनरोड_साडीवाला
२२ वर्षं गादीवर बसतोय भाऊ, चेहरा नंतर, आधी हात बघायचा. ताई तोंडाने "अजून दाखवा" म्हणत असतात पण एका साडीचा पदर दोन बोटांत धरलेला असतो, सुटतच नाही, ती साडी गेली समजा. आठ्यांवरून आठवलं, एकदा एक काकू प्रत्येक साडीला कपाळाला आठ्या घालत होत्या, मी घाबरून सगळी गादी भरेपर्यंत माल काढला, शेवटी म्हणतात "अहो चष्मा घरी राहिला".

विंगेतून
हौशी नाटकवाला, कालिदास नाट्यगृहात दोन-चार प्रयोग केलेत, तेवढ्यावरून बोलतो. भरताने नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव, म्हणजे मनात टिकून राहणारे भाव, दिले ते सगळ्यांना पाठ असतात, पण खरी मजा ३३ व्यभिचारी भावांत, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या भावांत आहे. त्यात अवहित्था नावाचा एक आहे, म्हणजे मनातलं लपवणं! लाजेने, भीतीने, समोरच्याचा मान ठेवायचा म्हणून. आणि खूण काय दिलीय, तर भलताच विषय काढणं, बोलता बोलता मधेच तुटणं, उसना धीर. वहिनींचं "काही नाही" हेच की ओ. भुवया सोडा, रोज बडबडणारा गप्प झाला किंवा गप्प राहणारा बडबडायला लागला एवढं टिपलं तरी खूप, मग सरळ विचारायचं.

अंबडचा_शिफ्टवाला
सगळ्यांना थँक्यू, कोर्स कॅन्सल. काल बायको "काही नाही" म्हणाली आणि लगेच उद्या दूध अर्धा लिटर जास्त घ्या म्हणाली, मला एकदम ते अवहित्था आठवलं, टीव्ही बंद केला आणि शेजारी जाऊन बसलो. दहा मिनिटं काहीच नाही, नुसती मेथी निवडत होती, मग निघालं, तिच्या माहेरच्या कार्यक्रमाला मी शिफ्टचं कारण सांगून गेलो नव्हतो ते. फेब्रुवारीतलं! त्या पोराला पण आज आईचं विचारलं, डिस्चार्ज मिळालाय. साडीवाले, तुमच्या काकूंचा चष्मा बायकोला सांगितला, हसली, १२ तर होतं, ६ बघायचं राहून गेलं.