सतत परदेशवारी करणाऱ्यांनी मोबाइलचा प्लॅन कसा निवडावा? (अनुभव धागा)

मी ठाण्यात राहतो आणि वागळे इस्टेटमधील एका कारखान्यातून परदेशी जाणारी पॅकिंग यंत्रे तेथे उभारून चालू करून देण्याचे काम करतो. आतापर्यंत वर्षाकाठी एखादी परदेशवारी होत असे. आता मात्र जवळजवळ दर महिन्याला एक देश असे वेळापत्रक हाती आले आहे आणि त्यात चीन, जर्मनी, तुर्कस्तान व दुबई आहेत. मागील खेपेस मी दहा दिवसांचे रोमिंग पॅक घेतले होते. जाताना दोह्याला चार तासांचा थांबा होता. तेथे फोन विमानतळावरील टॉवरला जोडला गेला, फोटोंचा बॅकअप आपोआप सुरू झाला, आणि पॅकच्या यादीत कतारचे नाव नसल्यामुळे मुक्कामाच्या दहा दिवसांत झाला नाही इतका खर्च त्या चार तासांत झाला. कार्यालयाने आता प्लॅन मलाच निवडायला सांगितला आहे. दर सतत बदलतात, म्हणून दर लिहिण्यापेक्षा आपल्यावर कोणता प्रसंग आला आणि त्यानंतर आपण काय बदलले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

नेरूळ, जहाजावर इंजिनिअर

स्वस्त डेटा कोठे मिळतो हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा आहे. आपला भारतातील क्रमांक जिवंत कसा राहील, हा पहिला. काही वर्षांपूर्वी मी सात महिन्यांच्या करारावर गेलो होतो. जहाजावर उपग्रहाचे इंटरनेट होते, घरच्यांशी रोज बोलणे होत होते, त्यामुळे खिशातील प्रीपेड सिमकडे माझे लक्षच गेले नाही. आपल्याकडे प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरला गेला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते; खात्यात निदान २० रुपये शिल्लक असतील, तर ते कापून मुदत वाढते. माझ्या खात्यात तेवढेही नव्हते. बँक, आधार, डीमॅट, सगळे त्याच एका क्रमांकाला जोडलेले होते. गृहकर्जाच्या खात्यात पैसे वळवायचे होते आणि ओटीपी जात होता तो बंद पडलेल्या क्रमांकावर. क्रमांक बदलायचा तर स्वतः शाखेत या, असे बँकेचे म्हणणे होते, आणि मी त्या वेळी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ होतो. शेवटी माझ्या थोरल्या भावाने दोन हप्ते भरले. सुट्टीवर आलो तेव्हा पहिला आठवडा या शाखेतून त्या शाखेत फिरण्यात गेला.

त्यानंतर मी तो क्रमांक सर्वांत लहान पोस्टपेड प्लॅनवर घेतला आणि बिल बँकेतून परस्पर कापले जाईल अशी सोय केली. ते सिम मी सोबत नेतच नाही. जुन्या फोनमध्ये घालून घरी ठेवतो; देवघराशेजारच्या फळीवर तो फोन कायम चार्जरला लावलेला असतो आणि बँकेचा निरोप आला की सौ. मला कळवते. बंदरात एक-दोन दिवसच मिळतात, तेवढ्यासाठी प्रत्येक देशाचे सिम घेणे परवडत नाही, म्हणून अनेक देशांत चालणारे डेटापुरते ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचे सिम) मी वापरतो. प्रवासी जहाजाने फिरायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना: किनारा सुटल्यावर जहाजाचे स्वतःचे नेटवर्क फोनवर दिसू लागते. ते बहुतेक पॅकमध्ये धरलेले नसते आणि अतिशय महाग असते, तेव्हा बंदर सोडण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकावा.

वाशी, फळ निर्यातदार

हंगामात माझ्या दुबईला तीन-चार खेपा होतात. अल अवीरच्या फळबाजारात पहाटे पेट्या उघडतात. एखाद्या आंब्यात साका (आतून खराब झालेला गर) निघाला, की घेणारा संपूर्ण मालाचा भाव पाडायला बघतो. अशा वेळी कापलेला आंबा वाशीच्या पॅकहाउसमधील माणसाला तिथल्या तिथे दाखवावा लागतो, कोणत्या बागेची पेटी आहे ते विचारावे लागते. पहिल्या वर्षी मी विमानतळावर घेतलेल्या स्थानिक सिमवरून व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावत राहिलो आणि तो लागेना. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश जातो, फोटो जातो, परंतु त्यावरून बोलण्यास तेथे मनाई आहे, हे मला ठाऊक नव्हते. तेथे परवानगी असलेले बोटिमसारखे अ‍ॅप दोन्हीकडच्या फोनवर आधीच घेऊन ठेवावे लागते. घेणाऱ्याने भाव पाडला आणि मला तो मान्य करावा लागला, कारण माझ्या बाजूने बोलणारा माणूस फोनवर येऊच शकला नाही. आता मी भारतीय क्रमांकावर बोलण्याच्या मिनिटांचे पॅक घेतो आणि डेटासाठी तेथील सिम वापरतो. पॅक घेताना आपण डेटाच पाहतो. व्यापाऱ्याने बोलण्याची मिनिटे आधी पाहावीत.

कोपरखैरणे

चीनपुरते सांगतो. तेथे हॉटेलच्या वायफायवर किंवा चिनी सिमवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही. भारतीय सिम रोमिंगवर असेल तर उघडते, कारण त्या सिमचा डेटा आधी आपल्या कंपनीकडे भारतात येतो आणि तेथून पुढे जातो. शांघायमध्ये मी याच आधारावर तीन आठवडे काम केले.

ऐरोली, सॉफ्टवेअर

वरील अनुभवाची दुसरी बाजू अशी, की डेटा भारतात जाऊन परत येतो म्हणूनच रोमिंगवर उत्तर यायला वेळ लागतो आणि व्हिडिओ बैठकीत बोलणे एकमेकांवर आदळते. त्यामुळे युरोपात मी स्थानिक सिम घेतो. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातील एका देशाचे सिम संघातील इतर देशांत वेगळ्या शुल्काविना चालते, त्यामुळे जर्मनीतून फ्रान्स किंवा इटलीला जाताना काहीच करावे लागत नाही. स्वित्झर्लंड मात्र त्या संघात नाही. माझा मुक्काम ऱ्हाइनकाठच्या वाइल या जर्मन गावात होता, जेथून ट्राम सरळ स्विस बाझलला जाते. मी सीमा ओलांडली नव्हती. खिडकीपाशी बसून काम करत होतो आणि फोनने सीमेपलीकडचा स्विस टॉवर धरला. सिममधील सगळी रक्कम तासाभरात संपली आणि बैठक अर्ध्यावर तुटली. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कची स्वयंचलित निवड बंद करावी आणि जर्मन कंपनीचे नाव हाताने निवडावे, हा उपाय मला दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने दाखवला.

नौपाडा, निवृत्त शिक्षिका

लेक न्यू जर्सीत असल्याने वर्षातून दोनदा जाणे होते. जावयांनी ई-सिम घेऊन दिले होते. नेवार्कला उतरल्यावर इंटरनेट येईना, म्हणून ते काढून पुन्हा घालावे असे मला वाटले आणि मी ते फोनमधून पुसून टाकले. एकदा पुसलेले तसले ई-सिम पुन्हा बसत नाही, हे मला नंतर कळले. खरे तर त्या ई-सिमसाठी डेटा रोमिंगचे बटण चालू करणे एवढेच राहिले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका गुजराती बाईंच्या फोनवरून लेकीला कळवले. आता ई-सिम घरीच, आपल्या वायफायवर बसवून घेते, आणि उतरल्यावर कोणते बटण आधी दाबायचे ते कागदावर मराठीत लिहून पासपोर्टच्या कव्हरात ठेवते. या स्वस्त ई-सिमना बहुधा स्वतःचा फोन क्रमांक नसतो. औषधांच्या दुकानात क्रमांक मागितला तेव्हा मला लेकीचा द्यावा लागला. दीर्घ मुक्काम असेल, तर बोलता येईल असेच सिम घ्यावे.

पनवेल

आपल्या यादीत तुर्कस्तान आहे म्हणून लिहितो. तेथील सिम घातलेला परदेशी फोन सुमारे १२० दिवसच चालतो. पुढे त्या फोनची नोंदणी करून मोठे शुल्क भरावे लागते. वारंवार जाणार असाल तर रोजच्या फोनमध्ये तेथील सिम घालू नका.

ठाण्याहून पुन्हा मी

सर्वांचे मनापासून आभार. मी प्रीपेड क्रमांक पोस्टपेड करण्याचा अर्ज काल दिला. शांघायला रोमिंग पॅक घेणार आहे, आणि या वेळी वाटेत हाँगकाँगला थांबा असल्याने पॅकच्या यादीत हाँगकाँगचे नाव वेगळे आहे का, ते पाहून घेतले, सुदैवाने आहे. जर्मनीसाठी तेथील सिम घेईन. इजिप्तचे एक काम नव्याने आले आहे. कैरोच्या बाहेरील औद्योगिक वसाहतींत कोणत्या सिमला रेंज मिळते, याचा अनुभव कोणास असल्यास अवश्य लिहावे.