मॉडफ्लो ६: मॉडेलमध्ये खारं पाणी ४०० मीटर आत, विहिरी मात्र गोड

पुळण_ग्रिड:
मॉडफ्लो ६ (भूजलाच्या प्रवाहाचं मॉडेल करणारं सॉफ्टवेअर) मध्ये रायगड किनाऱ्यावरच्या पुळणीच्या वाळूचा उभा छेद घेतलाय. लांबी १ किमी, जाडी २० मी., खाली कातळ, जमिनीकडची बाजू बंद. पारगम्यता दिवसाला १५ मी., पुनर्भरण वर्षाला ३०० मिमी. सेल १० मी. लांब, १ मी. उंच, डिस्पर्सिव्हिटी (वाहताना क्षार किती पसरतात त्याचं माप) १ मी. बीयूवाय पॅकेज (पाण्याच्या घनतेतला फरक हिशेबात घेणारं) चालू आहे. समुद्राच्या बाजूला सीएचडी (ठरावीक पातळीची सीमा), त्यात गोड्या पाण्याचं समतुल्य हेड (खाऱ्या पाण्याचा दाब गोड्या पाण्याच्या उंचीत मांडलेला) हाताने काढून भरलंय: वर ०, तळाशी ०.५ मी. खाऱ्या पाण्याची पाचर ४०० मी. आत जाते आणि तिची कड १०० मी. पसरते. २५० मी.वरच्या वाडीतल्या विहिरी मात्र मे अखेरही गोड. पुनर्भरण वाढवून जुळवू का?

खारपाचर:
पुनर्भरणाला हात लावू नका. आधी कागदावर बघा: पारगम्यता × जाडीचा वर्ग × ०.०२५ (खाऱ्या पाण्याची जादा सापेक्ष घनता), भागिले समुद्राकडे जाणाऱ्या प्रवाहाची दुप्पट. तुमचा प्रवाह मीटर किनाऱ्यामागे दिवसाला ०.८२ घनमीटर, म्हणजे पाचरीचं टोक साधारण ९० मी.वर यायला हवं. ४०० येतंय म्हणजे सीमेतच घोळ आहे.

बीयूवाय घनतेची दुरुस्ती स्वतः करतं. त्याला खाऱ्या पाण्याचं स्वतःचं हेड हवं, म्हणजे सगळ्या थरांना ०. तुम्ही तळाला ०.५ दिलंत, दुरुस्ती दोनदा झाली.

सेल_मोजणारा:
कड पसरतेय ती ग्रिडमुळे. १० मी. सेलला १ मी. डिस्पर्सिव्हिटी, म्हणजे पेक्ले अंक (सेलची लांबी भागिले डिस्पर्सिव्हिटी) १०. तो २ च्या आत हवा. अपस्ट्रीम योजना (प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या सेलची क्षारता पुढे नेणारी गणनपद्धत) तर अर्ध्या सेलइतकी, म्हणजे ५ मी., खोटी डिस्पर्सिव्हिटी घुसवते. टीव्हीडी (खोटा पसारा कमी करणारी गणनपद्धत) लावा, किनाऱ्यापासून ३०० मी.पर्यंत सेल २ मी. करा, प्रवाहाला आडवी डिस्पर्सिव्हिटी ०.१ मी. ठेवा.

सीएचडीऐवजी जीएचबी (पातळीच्या फरकानुसार पाणी आत-बाहेर सोडणारी सीमा) घ्या आणि ३५ किलो प्रति घनमीटर क्षारता एसएसएममधून (सीमेवरून येणाऱ्या पाण्याची क्षारता देणारं पॅकेज) फक्त आत येणाऱ्या पाण्याला द्या. सीमेच्या सेलमध्येच क्षारता बांधून ठेवलीत तर वरून बाहेर पडणारं गोडं पाणीही जबरदस्तीने खारट होतं. घनतेचा उतार (क्षारता एकाने वाढली की घनता किती वाढते) ०.७१४३ आहे ना? तो किलो प्रति घनमीटरसाठी. क्षारता मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असेल तर हजाराने भागा.

पुळण_ग्रिड:
०.७१४३ च आहे. मग पडताळणी विहिरींवरच करू ना?

खारपाचर:
नाही. वाडीतली विहीर ५-६ मी. खोल, ती वरचं पाणी उपसते. ती गोड असली म्हणून १८ मी.वर खारं नाही असं ठरत नाही. तळापर्यंत जाळीच्या नळीचं एक निरीक्षण बोअर घ्या, दर मीटरला विद्युतवाहकता मोजा. उपसून काढलेला नमुना सगळ्या थरांचं मिश्रण देतो. विहिरींच्या कठड्यांची पातळीही सरासरी समुद्रसपाटीवरून नीट आणा. तिथे १० सेंमी चुकलं की १:४० च्या हिशेबाने (गोडं पाणी समुद्रसपाटीच्या वर १ मी. तर खाली ४० मी.) खारी सीमा ४ मी. वर-खाली होते. आणि पंप या छेदात टाकू नका. उभ्या छेदात विहीर म्हणजे किनाऱ्याला समांतर अखंड चर. त्यासाठी त्रिमितीय मॉडेलच लागेल.