एक कोंबडी बाकीच्यांना टोचून टोचून रक्त काढतेय, काय करू?

पडवीवाला
नमस्कार मंडळी. आमचं घर चिपळूणजवळच्या वाडीत. आईच्या 7 गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा, दोन वर्षं काही भानगड नव्हती. जूनमध्ये मी शहाणपणा करून आठवडी बाजारातून 4 तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या, तीन तांबड्या आणि एक काळी. काळी कडकनाथ म्हणून दिली, घरी आणून तोंड उघडून बघितलं तर जीभ गुलाबी (खऱ्या कडकनाथची काळपट असते), म्हणजे फसलोच, असो. आणल्या त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडल्या. तेव्हापासून आमची चंद्री नावाची जुनी कोंबडी त्या काळीच्या मागे लागलीये. खायला देत नाही, पाण्यावर येऊ देत नाही, आणि गेल्या चार दिवसांत शेपटीच्या वरची पिसं उपटून तिथं रक्त काढलंय. आता बाकीच्याही तिथेच टोचायला लागल्यात. काळी दिवसभर कोपऱ्यात तोंड घालून उभी.
खुराडं 6 बाय 5 फुटांचं आहे. एरवी दिवसभर मोकळ्या असतात पण सध्या पाऊस असा लागलाय की तीन आठवडे जवळजवळ कोंडूनच आहेत. मुंगूस येतं म्हणून आत बल्ब रात्रभर चालू असतो. खायला तांदळाची कणी आणि उरलेला भात. चंद्री आईची लाडकी आहे त्यामुळे तिला काही करायचं तर जपून सांगा.

रश्श्याचा_राजा
गटारी जवळ आलीये. एवढंच बोलतो.

पडवीवाला
दादा, आईने वाचलं तर माझीच गटारी होईल.

माळावरची_ताई
हसण्यावारी नेऊ नका, एकदा रक्ताची चटक लागली की दोन दिवसांत कोंबडी मरते, मी बघितलंय. आधी काळीला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. जखम कोमट पाण्याने पुसा आणि वर जांभळं औषध लावा, मेडिकलमध्ये जेन्शन व्हायोलेट मागा. कोंबड्यांना लाल रंग दिसला की चोच तिथंच जाते, जांभळ्याने तो झाकतो. हळद खोबरेल तेलही चालतं पण तेवढं झाकत नाही. पावसात माश्या बसून जखमेत अळ्या पडतात, रोज बघा, पडल्याच तर घरी प्रयोग न करता जनावरांच्या दवाखान्यात न्या.

काळीला ठेवायचं कुठं, तर डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) पण खुराड्याच्या जाळीला लागून, बाकीच्यांना दिसेल असं. लांब नेऊन ठेवलीत तर परत आणल्यावर ती पुन्हा परकी. चंद्रीचं उलटं. तिला अशा ठिकाणी ठेवायचं की तिला कळप दिसता कामा नये, चार-पाच दिवस. तेवढ्यात मागे बाकीच्यांचं आपसात ठरून जातं कोण वर कोण खाली, आणि चंद्री परत येते तेव्हा नवीन सुनेसारखी येते. सगळे लोक मार खाणारीलाच उचलून बाजूला ठेवतात आणि मग म्हणतात फरक पडेना.

पण खरं सांगू का, चंद्रीचा दोष निम्माच आहे, बाकीचा तुमचा. 30 चौरस फुटात 12 पक्षी म्हणजे एकाला अडीच फूट. रात्री झोपायला ठीक आहे, दिवसभर कोंडायचं तर निदान 4 फूट पाहिजे. पडवीत जाळी लावून थोडी जागा वाढवा. खाण्याची भांडी दोन-तीन करा आणि लांब लांब ठेवा, एकाच भांड्यावर चंद्री पहारा देते, तीन भांड्यांवर देऊ शकत नाही. आत एखादी फळी उभी करा, म्हणजे मार खाणारीला आड व्हायला जागा मिळते. कोबीचा गड्डा किंवा शेवग्याचा पाला दोरीने टांगा, त्यांना चोच चालवायला काहीतरी लागतं हो, नाहीतर एकमेकींवर चालवतात. आणि तो बल्ब पहिला बंद करा!! रात्रभर उजेड म्हणजे झोप नाही, आणि झोप नाही म्हणजे चिडचिड, माणसासारखंच. मुंगसासाठी बारीक जाळी मारा.

पोल्ट्रीभाऊ
एवढा उपद्व्याप कशाला. चोच कापा, डिबीकिंग करा, विषय संपला. आमच्याकडे लेयरच्या (अंड्यांसाठी पाळतात त्या) पिल्लांची पहिल्या दहा दिवसांतच करतात.

माळावरची_ताई
भाऊ, पिंजऱ्यातल्या हजार पक्ष्यांचं गणित वेगळं. गावरान कोंबडी माती उकरून किडे वेचून खाते, तिची चोच कापली तर ती वेचणार कशाने? आणि मोठ्या कोंबडीच्या चोचीत नस असते, रक्त येतं, दुखतं. अगदीच वाटलं तर वरच्या चोचीचं टोक कानशीने किंचित बोथट करा, बस.

पोल्ट्रीभाऊ
बरं मान्य, परसातल्यांना नको. पण मग खाद्य तरी सुधारा. नुसती कणी आणि भात म्हणजे पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. पिसं ही जवळजवळ सगळी प्रोटीनचीच, कमी पडलं की दुसरीची पिसं उपटून खातात. कणीत 7-8 टक्के प्रोटीन असेल, पाहिजे 16 च्या आसपास. पण घाईत लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) आणू नका, त्यात कॅल्शियम जास्त असतं, अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या किडनीला बाधतं. सगळ्यांना ग्रोअर मॅश (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या आणि अंड्यावरच्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्यांना पाहिजे त्या खातात. तुम्ही कोकणातले, तिसऱ्या खाऊन झाल्यावर शिंपल्या टाकता ना, त्याच भाजून कुटा. सुकटही द्या पण धुऊन, जास्त मीठ कोंबडीला विष.

वाचनमात्र_होतो
अवांतर: कोण कोणाला टोचणार हा कोंबड्यांमधला क्रम सगळ्यात आधी नीट लिहून काढला नॉर्वेच्या थॉर्लिफ श्येल्डेरुप-एब्बे याने, लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा, 1921 चा त्याचा प्रबंधच त्यावर आहे. त्यात गंमत अशी की क्रम दरवेळी सरळ नसतो, पहिली दुसरीला मारते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी पहिलीला! आमच्या सोसायटीची कमिटी आठवली.

घाटावरचा
दोन शंका. एक, पिसं नेमकी कुठली गेलीत? पाठीवरची खांद्यापासची गेली असतील तर तो कोंबडा, चढताना नखांनी जातात, त्यात चंद्री निर्दोष. शेपटीच्या वर आणि बुडाजवळ गेली असतील तर मात्र टोचणंच. दुसरी, तुऱ्यावर किंवा डोळ्यापाशी काळ्या खपल्या आहेत का? असतील तर ते टोचे नाहीत, देवी असू शकतात, पावसाळ्यात डासांमुळे पसरतात. बाजारातला पक्षी थेट कळपात सोडणं हीच मोठी चूक. दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं असतं, मानमोडी (कोंबड्यांची जीवघेणी साथ) आली असती तर चंद्रीसकट सगळं खुराडं रिकामं झालं असतं. आणि रात्री टॉर्च घेऊन कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूला पांढरं फडकं फिरवा, लाल रेघा उमटल्या तर रक्त पिणारे बारीक किडे आहेत, त्यानेही पक्षी अंग ओरबाडतात. पडवीत अर्ध्या पिंपात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा, लोळू देत, पावसात त्यांना कोरडी धूळच मिळत नाही.

पडवीवाला
अकरा दिवसांनी लिहितोय, लाइट आणि नेट दोन्ही गायब होतं. खपल्या नाहीत. फडक्यावर मात्र लाल रेघा आल्या, दांड्या काढून उकळत्या पाण्याने धुतल्या. बल्ब बंद केला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आतला कलकलाट निम्म्यावर. चंद्रीला गोठ्याच्या मागे पाच दिवस ठेवली, आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि गुपचूप तिला चपाती नेऊन घालत होती. परत सोडली तर पहिल्या तासात लाल शेपटीवालीने तिला दोन टोचे हाणले, चंद्री गप्प. आता अधूनमधून काळीवर धावते पण थांबते. काळीला चौथ्या रात्री अंधारात दांडीवर ठेवली, सकाळी काही झालं नाही, पाचव्या दिवशी परत शेपटीजवळ एक टोचा दिसला म्हणून पुन्हा डालग्यात. बहुतेक घाई केली.

माळावरची_ताई
केलीच. पिसांची खुंटं येऊन जखम पूर्ण झाकली जाईपर्यंत नको, नव्या खुंटात रक्त असतं, तेच टोचतात. आणि परत सोडताना एकटीला नाही, एका तांबडीला दोन दिवस तिच्यासोबत डालग्यात ठेवा, मग दोघींना मिळून सोडा.

पडवीवाला
हे करतो. बाकी ग्रोअर मॅशची पिशवी 50 किलोची मिळाली, या हवेत बुरशी धरायच्या आत 12 कोंबड्या किती खाणार? चिपळूणच्या बाजूचं कोणी अर्धी घेणार असेल तर सांगा.