रानपिंगळा वाचला म्हणणाऱ्यांनो, ढोली कुठंय?

आडवाटा:
कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय की 2018 ला रानपिंगळा, म्हणजे आपलं जंगलातलं छोटं घुबड, IUCN च्या धोक्यातल्या जातींच्या यादीत 'क्रिटिकली एंडेंजर्ड' (अतिसंकटग्रस्त) वरून 'एंडेंजर्ड' (संकटग्रस्त) वर आला म्हणजे आपलं धोरण यशस्वी. वाचून राहवलं नाही. अहो, तो यादीत खाली आला कारण तानसासारख्या नव्या जागी सापडला, पक्षी वाढले म्हणून नाही! 1884 नंतर थेट 1997 ला शहाद्याजवळ दिसलेला पक्षी, आणि आपण त्याला वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये (सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत) टाकून मोकळे. अनुसूची पक्ष्याला आहे, रिकाम्या ढोलीला नाही. अभयारण्याबाहेर कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडीला निघाला की मी पाहिलंय, वठलेली पोकळ झाडं आधी जातात, हा स्वतः ढोली कोरत नाही, मग अंडी घालणार कुठे?

सागवान:
पिंगळ्याला विरळ जंगलच लागतं, दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून सरडे धरतो. आणि सुप्रीम कोर्टातल्या गोदावर्मन या जंगलतोडीच्या केसनंतर, म्हणजे 1996 पासून, वर्किंग प्लॅनशिवाय (मंजूर वनव्यवस्थापन आराखड्याशिवाय) तोड करताच येत नाही. खरं नुकसान अतिक्रमणाचं. यावलच्या जंगलात जाऊन बघा, वनहक्काच्या (जंगलात राहणाऱ्यांना कसत्या जमिनीचा हक्क देणाऱ्या कायद्याच्या) नावाखाली काय झालंय.

तापीकाठ:
आलात ना वनहक्कावर! कायद्यात 13 डिसेंबर 2005 ची तारीख आहे, नंतर तोडलेल्या जमिनीवर हक्कच नाही, वाचलाय का? माझ्या आजोबांवर घराच्या एका बल्लीसाठी (लाकडी वाशासाठी) केस झाली, म्हातारपणापर्यंत तारखा चालल्या, आणि त्याच रस्त्यानं वनखात्याचा हातोडा (शिक्का) मारलेल्या सागाचे ट्रक जायचे. जंगल कोणी संपवलं ते आम्हाला शिकवू नका.

सागवान:
तारीख कागदावर. कुऱ्हाड नंतरही चालली, खोटे पुरावे जोडून दावे टाकलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

तापीकाठ:
बाहेरून आलेल्यांनी टाकले, शिव्या आम्हाला. जंगल राखायचा अधिकार त्याच कायद्यानं ग्रामसभेला दिलाय, तो वापरू कोण देतं?

टिटवी:
तुमच्या भांडणात पिंगळा राहिला बाजूला. मिश्र जंगल काढून एका वयाचा साग लावायचा आणि त्याला जंगल म्हणायचं, हे आधी बंद करा. त्या रोपवनात ढोल्या व्हायला किती दशकं लागतील?

आडवाटा:
तेच म्हणतोय! विरळ जंगल म्हणजे जुनी झाडं नसलेलं जंगल नव्हे, सागवानसाहेब.

सागवान:
बरं, ढोलीची झाडं मार्किंगमधून (तोडायच्या झाडांवर खुणा करण्यातून) वगळा, एवढं मान्य. अतिक्रमणावर एक शब्दही मागे घेत नाही.

तापीकाठ:
नका घेऊ. पण मार्किंगला निघाल तेव्हा गावातले गुराखी सोबत न्या, कुठल्या झाडात पिंगळा बसतो ते त्यांना माहितीये.