विज्ञान पत्रकाराने घरच्या प्रश्नांना उत्तर कसे द्यावे?

नीलमोहर (प्रश्न):
नमस्कार. पुण्यातील एका मराठी दैनिकासाठी मी बरीच वर्षे विज्ञान आणि आरोग्य या विषयांचे वार्तांकन करते. अभ्यास उंदरांवर झाला की माणसांवर, सहभागी किती होते, तुलनेसाठी दुसरा गट होता का, हे कळल्याशिवाय मला बातमीचे पहिले वाक्य सुचत नाही. घरी मात्र हीच सवय अडचणीची ठरते. आत्या फोनवर विचारते, “मेथीचं पाणी प्यायल्यावर साखर उतरते का, एवढंच सांग,” आणि मी सविस्तर बोलू लागले की तिचा उत्साह मावळल्याचे आवाजावरूनच कळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला तंबाखूच्याच गटात टाकले, तेव्हा रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, ही ओळ सर्वत्र फिरली. समजा मूळ धोका शंभरात पाच जणांना असेल, तर तो सहाच्या जवळ जातो. शिवाय हा गट पुरावा किती भक्कम आहे यावरून ठरतो, धोका किती मोठा आहे हे त्यातून कळत नाही. वर्तमानपत्रात हे सांगायला निदान एक परिच्छेद मिळतो, घरी तेवढीही उसंत कोणाला नसते.

उलट काही बाबतींत शंकेला जागाच नसते. २५ ऑक्टोबर २०२२ चे खंडग्रास सूर्यग्रहण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी आले आणि माझ्या गरोदर वहिनीला दुपारपासून आतल्या खोलीत बसवून ठेवले गेले. ग्रहणाचा गर्भावर काहीही परिणाम होत नाही, हे मी वाचकांना ठामपणे सांगते. मग सणाच्या दिवशी मोठ्यांसमोर तेच कसे सांगावे? तुमचा अनुभव वाचायला आवडेल.

फळा-खडू:
मी निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आहे. त्याच ग्रहणाच्या वेळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी भिंतीपासून पाच-सहा फुटांवर चाळणी धरली. सूर्य पश्चिमेला बराच खाली आला असल्यामुळे चाळणीच्या प्रत्येक छिद्रातून भिंतीवर सूर्याची एकेक लहानशी प्रतिमा पडली होती आणि त्या सगळ्याच प्रतिमा एका बाजूने खाल्लेल्या दिसत होत्या. आधी मुले आली, मग त्यांना बोलवायला आलेल्या आज्याही भिंतीपाशी थांबल्या. त्यांच्या श्रद्धेविषयी मी चकार शब्द काढला नाही. ज्यांना भीती वाटते त्यांच्याशी वाद घालण्याआधी त्यांना काहीतरी पाहू द्यावे, असे माझे मत आहे.

वैद्यकी:
मी फॅमिली डॉक्टर आहे. मेथीमुळे रक्तातील साखर काही प्रमाणात उतरल्याचे काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे, पण त्यांचा दर्जा सारखा नाही. एवढे सांगून माझे काम संपत नाही. मेथीविषयी विचारणाऱ्या रुग्णाच्या मनात बहुधा दुसराच प्रश्न असतो: आता गोळी कमी केली तर चालेल का? त्याचे उत्तर ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही’ असे एका वाक्यात देता येते आणि ते तसेच द्यावे. आत्याबाईंना आधी त्यांच्या गोळ्यांबद्दल विचारा.

खारे पाणी:
मी बुलढाणा जिल्ह्यातून मुक्त पत्रकारिता करतो. फळा-खडू यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे, कारण एखाद्या गरोदर बाईला तासन्‌तास उपाशी ठेवले जात असेल, तर चाळणी दाखवून भागणार नाही, तिथे स्पष्ट बोललेच पाहिजे.

मात्र जिथे उत्तर अजून मिळालेले नाही, तिथे ते शोधण्याचे काम कुठवर आले आहे, हे सांगितले की लोक थांबायला तयार होतात. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा हा अपशकुन आहे का, असे विचारणारे नातेवाइकांचे फोन मला येत होते. शैवालामुळे असे झाले असावे, अशी तेव्हा चर्चा होती. पाण्याचे नमुने तपासणीसाठी गेले आहेत, एवढेच मी सांगत असे. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत अतिक्षारयुक्त पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्या रंगामागे असल्याचे आढळले. दरम्यान माझे काका, ज्यांनी अपशकुनाचा विषय काढला होता, तेच फोन करून विचारू लागले होते, “त्या तपासणीचं काय झालं रे?”

नीलमोहर:
सर्वांचे मनापासून आभार. वैद्यकी, तुमचा प्रतिसाद वाचून मी लगेच आत्याला फोन केला. तिने सकाळची गोळी आपल्या मनानेच अर्धी केली होती. हे मेथीवरच्या माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणातून कधीच बाहेर आले नसते. उद्या तिला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन जाते आहे. मेथीचे पाणी चालू ठेवायचे की नाही, तेही त्यांनाच विचारू.