लॉर्ड हेस्केथ: नुसती चैन की खरी रेसिंग?

कोपरी_ट्विन: रविवारी ठाण्यात बाइकवाल्यांच्या कट्ट्यावर लॉर्ड हेस्केथवर, म्हणजे स्वतःची फॉर्म्युला वन टीम आणि मग बाइक काढणाऱ्या ब्रिटिश उमरावावर, वीस मिनिटं बोलायचंय. जिकडेतिकडे शॅम्पेन आणि टेडी बेअरच वाचायला मिळतं. रेसची गाडी कशी होती, झँडफोर्टची डच ग्रांप्री कशी जिंकले आणि त्यांची व्ही१००० बाइक का बुडाली, हे सांगाल का?

वाशीचा_पाना: शॅम्पेन दोन मिनिटांत उरका. जन्म १९५०, वडील गेले आणि चौथ्याच वर्षी बॅरन, म्हणजे लॉर्ड. १९७३ मध्ये ड्रायव्हर जेम्स हंटला मार्च कंपनीची ७३१ गाडी देऊन मोनॅकोच्या रेसपासून फॉर्म्युला वनमध्ये उतरले. ती गाडी इंजिनिअर हार्वी पोस्टलथवेटने सुधारली, खरी गोष्ट इथून सुरू होते. १९७४ ला त्याचीच ३०८ आली. तीन लिटर, आठ सिलिंडर म्हणून ३०८. कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन तेव्हा बहुतेक ब्रिटिश टीम वापरायच्या, त्यामुळे फरक चासीतच, म्हणजे इंजिन सोडून बाकीच्या गाडीतच काढायचा होता. पुढे सस्पेन्शनमध्ये कॉइल स्प्रिंगऐवजी रबरही लावलं. आणि हे सगळं ईस्टन नेस्टन या हेस्केथच्या वाड्यातल्या तबेल्यात! प्रायोजक नाही म्हणून गाडी पांढरी.

घोडबंदर७५: झँडफोर्टला नशीब म्हणू नका. २२ जून १९७५, सुरुवातीला ट्रॅक ओला. हंट सातव्याच फेरीत स्लिकसाठी, म्हणजे कोरड्या ट्रॅकच्या गुळगुळीत टायरसाठी, पिटमध्ये आला. स्लिक लवकर घातले तर ओल्या पट्ट्यावर गाडी फिरते, उशिरा घातले तर वेळ जातो. फेरारीचा निकी लाउडा टायरसाठी नंतर आला आणि बाहेर पडल्यावर जारिएच्या शॅडो गाडीमागे अडकला. ७५ फेऱ्यांनंतर हंट पुढे, अंतर फक्त १.०६ सेकंद. त्याच वर्षाअखेर पैसे संपले. ३०८ची पुढची आवृत्ती ३०८सी उद्योगपती वॉल्टर वोल्फकडे गेली, हंट मॅक्लारेन टीमकडे.

वाशीचा_पाना: आता बाइक. ९९२ सीसी, एअरकूल्ड व्ही-ट्विन, म्हणजे एक सिलिंडर पुढे, एक मागे; इंजिन वेस्लेक या ब्रिटिश कंपनीने बनवलेलं. मागच्या सिलिंडरला पुरेसा वारा मिळत नाही, तो जास्त तापतो. तुमच्या कट्ट्याला हे घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकवरून लगेच कळेल. वर गिअरबॉक्स खडखडणारा. बाइक आधी विकायला काढल्या, दुरुस्त्या नंतर. १९८२ मध्येच कंपनी गाळात.

कोपरी_ट्विन: मग स्लाइडवर इंजिनाचा फोटो बाजूने घेतो, दोन्ही सिलिंडर दिसतील असा.

घोडबंदर७५: हो, आणि मागच्यावर बाण काढा राव.