१७७६ ते १७८९ या काळात अमेरिकेत सरकार नेमके कोणाचे होते?

पिंपळपान (प्रश्न)

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयी वाचताना एका गोष्टीचा मला नीट उलगडा होत नाही. तेरा वसाहतींनी ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती ३० एप्रिल १७८९ रोजी. मधली जवळजवळ तेरा वर्षे राजाची सत्ता मान्य नव्हती, राष्ट्राध्यक्ष नव्हता आणि आजची राज्यघटनाही नव्हती. तरीही सैन्य लढत होते, फ्रान्सशी तह झाला, परदेशातून कर्जे काढली गेली. हे सारे कोणाच्या अधिकाराने चालले होते?

दुसरी शंका १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेविषयी आहे. तेथे जमलेल्या प्रतिनिधींना जुन्या करारात दुरुस्त्या सुचवण्यापुरते पाठवले होते, पण त्यांनी तो करारच बाजूला सारून नवी घटना लिहिली, असे म्हणतात. त्या काळच्या नियमांत हे बसत होते का? शिवाय, अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन नसून जॉन हॅन्सन होते, असा दावा वाचनात आला. त्यात कितपत तथ्य आहे?

दप्तरखाना

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर १७७६ च्या थोडे मागे जावे लागेल, कारण राजाची सत्ता जाहीरनाम्याने संपली असे आपण धरून चालतो, पण अनेक ठिकाणी ती त्याआधीच हातातून निसटली होती.

डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, त्याची शिक्षा म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १७७४ मध्ये जे कायदे केले त्यांतला बंदर बंद करण्याचा कायदा सर्वांना आठवतो. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा कायदा मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराचा होता. तेथील वरिष्ठ मंडळ तोवर विधानसभा निवडत असे, ते यापुढे राजा नेमणार होता. आणि गावसभा गव्हर्नरच्या परवानगीवाचून वर्षातून एकदाच भरवता येणार होती. कराविरुद्धची तक्रार येथे स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याच्या जुन्या वहिवाटीवर येऊन ठेपली. त्या उन्हाळ्यात लोकांनी गावोगावी न्यायालये भरूच दिली नाहीत. वूस्टर येथे सप्टेंबरमध्ये हजारोंच्या संख्येने जमलेल्या नागरी सैनिकांनी न्यायालयाच्या अधिकाऱ्यांना आपल्या रांगांमधून चालवत राजीनामे मोठ्याने वाचायला लावले. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर गेज यांनी विधानसभेची बैठक रद्द केली, तरीही सभासद जमले, स्वतःला प्रांतिक काँग्रेस म्हणवू लागले आणि कराचा पैसा राजाच्या खजिनदाराकडे न भरता आपण नेमलेल्या हेन्री गार्डनर यांच्याकडे भरावा, असे त्यांनी गावांना कळवले. कर कोण गोळा करतो ते पाहिले की सरकार कोणाचे आहे ते कळते, आणि ही गोष्ट ज्या लेक्झिंग्टनच्या चकमकीने युद्धाला तोंड फुटले तिच्या सहा महिने आधीची आहे.

इतर वसाहतींतही थोड्याफार फरकाने असेच घडले. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसने, जिला जॉर्जिया वगळता बारा वसाहतींचे प्रतिनिधी आले होते, ब्रिटिश मालावर बहिष्काराचा ठराव केला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक परगण्यात, शहरात व गावात समित्या निवडाव्यात असे सांगितले. या समित्यांनी दुकानदारांचे हिशेब तपासले, बहिष्कार मोडणाऱ्यांची नावे छापून जाहीर केली आणि हळूहळू नागरी सैन्याच्या तयारीतही लक्ष घातले. त्यांचा जाचही कमी नव्हता. राजनिष्ठ लोकांना तो फार सोसावा लागला. व्हर्जिनियाचे गव्हर्नर डनमोर यांनी जून १७७५ मध्ये राजधानी सोडून जहाजाचा आश्रय घेतला, तोवर खाली पर्यायी कारभार सुरू झालेला होता.

म्हणून १० मे १७७६ रोजी दुसऱ्या काँग्रेसने वसाहतींना आपापली सरकारे स्थापन करावीत असा सल्ला दिला, तेव्हा ती बऱ्याच अंशी घडून गेलेल्या गोष्टीला दिलेली मान्यता होती. न्यू हॅम्पशायरने तर जानेवारीतच आपली घटना केली होती. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड यांनी नवी घटना लिहिण्याची तसदीही घेतली नाही. राजाने दिलेल्या जुन्या सनदांमधून राजाचा अधिकार तेवढा वगळून त्यांनी कारभार पुढे चालू ठेवला.

उंबरठा

दप्तरखाना यांनी प्रांतांची बाजू मांडली आहे, मी केंद्राविषयी लिहितो.

रिचर्ड हेन्री ली यांनी ७ जून १७७६ रोजी मांडलेल्या ठरावात तीन गोष्टी होत्या: स्वातंत्र्य, परकीय राष्ट्रांशी मैत्री आणि वसाहतींच्या संघाचा आराखडा. पहिली गोष्ट २ जुलैला मंजूर झाली. तिसरीला मात्र पाच वर्षे लागली. काँग्रेसने ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ हा करार नोव्हेंबर १७७७ मध्ये संमत केला, पण पश्चिमेकडील अफाट जमिनींवर व्हर्जिनियासारखी राज्ये हक्क सांगत होती, आणि तो सोडला जाईपर्यंत सही करायची नाही, यावर मेरीलंड अडून बसले. त्यामुळे करार अंमलात यायला १ मार्च १७८१ उजाडला. याचा अर्थ असा की फेब्रुवारी १७७८ चा फ्रान्सशी झालेला तह आणि युद्धाचा बहुतेक काळ ज्या काँग्रेसच्या नावावर जमा आहे, तिच्यामागे राज्यांनी पाठवलेल्या प्रतिनिधींच्या संमतीखेरीज कोणताही लेखी आधार नव्हता. युद्धाची निकड हाच तिचा अधिकार होता, असे म्हटले तरी चालेल.

करार झाल्यावरही केंद्र मुद्दामच दुबळे ठेवले गेले. प्रत्येक राज्याला एक मत, महत्त्वाच्या निर्णयांना नऊ राज्यांची संमती, आणि करारात बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार आवश्यक. काँग्रेसला कर बसवता येत नसे. ती राज्यांकडे वाट्याची रक्कम मागे आणि राज्ये जमेल तेवढी, जमेल तेव्हा देत. तिने छापलेल्या कागदी चलनाची किंमत इतकी घसरली की मार्च १७८० मध्ये तिने स्वतःच चाळीस कागदी डॉलरला चांदीचा एक डॉलर असा दर मान्य केला. आयात मालावर पाच टक्के शुल्क बसवण्याची परवानगी १७८१ मध्ये मागितली, तेव्हा ती ऱ्होड आयलंडच्या नकाराने बारगळली. दूरच्या पार्लमेंटने कर लादला म्हणून ज्यांनी युद्ध पुकारले, त्यांनी आपल्याच काँग्रेसला कराचा अधिकार नाकारला, यात विसंगती काहीच नाही.

हॅन्सन यांच्याविषयी: ते नोव्हेंबर १७८१ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले हे खरे, पण ते पद सभा चालवणाऱ्याचे होते. त्याला सैन्यावर हुकूम चालवता येत नसे की कायदा रोखता येत नसे. आणि ‘पहिले’ हा मानही त्यांच्याकडे जात नाही, कारण करार अंमलात आला त्या दिवशी सॅम्युअल हंटिंग्टन अध्यक्ष होते.

सायंतारा

उंबरठा यांचे म्हणणे तपशिलात बरोबर आहे, पण त्या काँग्रेसचे चित्र जरा जास्तच केविलवाणे झाले आहे. १७८७ च्या घटनेचा पुरस्कार करणाऱ्यांनी तिची दुर्बलता रंगवून सांगितली आणि आपण तेच पुढे चालवतो. याच काँग्रेसने युद्ध जिंकले, आणि ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहात मिसिसिपी नदीपर्यंतचा प्रदेश मिळवला. १३ जुलै १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या (ओहायो नदीच्या वायव्येकडील जमिनींच्या) कायद्याने तेथे गुलामगिरीला बंदी घातली आणि नव्या प्रदेशांना कायमच्या वसाहती न ठेवता मूळ तेरांच्या बरोबरीची राज्ये होता येईल असे ठरवले. वसाहत म्हणून जगलेल्या लोकांनी घेतलेला हा निर्णय मला घटनेइतकाच मोलाचा वाटतो. त्या जमिनी ज्या मूळ रहिवाशांच्या होत्या त्यांना मात्र कोणी विचारले नाही; तहातही त्यांचा उल्लेख नव्हता.

दुबळेपणाचे एक उदाहरण मीच देतो, कारण ते जवळजवळ विनोदी आहे. तो तह सहा महिन्यांत मंजूर होऊन पोहोचायचा होता, आणि अ‍ॅनापोलिस येथे भरलेल्या काँग्रेसला मंजुरीसाठी लागणाऱ्या नऊ राज्यांचे प्रतिनिधीच जमेनात. अखेर १४ जानेवारी १७८४ रोजी कशीबशी संख्या भरली आणि अमेरिकेचे स्वातंत्र्य अमेरिकेकडूनच मंजूर झाले.

पिंपळपान

सर्वांचे आभार. पहिला प्रश्न बराच सुटला. पण उंबरठा म्हणतात त्याप्रमाणे बदलाला तेराही राज्यांचा होकार लागत असेल, तर नऊ राज्यांच्या मान्यतेवर नवी घटना अंमलात आलीच कशी?

दप्तरखाना

काटेकोरपणे पाहिले तर ती जुन्या नियमांत बसत नव्हती. २१ फेब्रुवारी १७८७ च्या ठरावाने काँग्रेसने परिषदेला केवळ करारात सुधारणा सुचवण्याचे काम दिले होते. शेज यांच्या नेतृत्वाखाली मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी केलेले बंड नुकतेच मोडले होते, आणि त्यासाठी लागलेला पैसा राज्याला व्यापाऱ्यांकडून उभा करावा लागला होता. त्यामुळे मातब्बर मंडळी धास्तावलेली होती. मे ते सप्टेंबर बंद दाराआड चर्चा झाली. लोकसंख्येवर आधारित प्रतिनिधीगृह आणि प्रत्येक राज्याला समान जागा देणारे सिनेट ही तडजोड १६ जुलैला ठरली. प्रतिनिधित्व मोजताना पाच गुलामांमागे तीन माणसे धरण्याची आणि गुलामांची आयात १८०८ पर्यंत न रोखण्याची तडजोडही याच परिषदेची, आणि ज्यांच्याविषयी ती झाली त्यांना तीत आवाज नव्हता.

नियमभंगाची जाणीव त्या मंडळींना होती. तेरांऐवजी नऊ राज्ये पुरेशी ठरवून परिषदेने आपल्याला नेमून दिलेल्या कामाची मर्यादा ओलांडली, हे परिषदेचे एक प्रमुख सदस्य जेम्स मॅडिसन यांनी ‘फेडरलिस्ट’ या नव्या घटनेचा पुरस्कार करणाऱ्या लेखमालेच्या चाळिसाव्या लेखात कबूल केले आहे. त्यांचा युक्तिवाद असा की विधानसभांना डावलून थेट लोकांनी निवडलेल्या सभांकडे मंजुरी मागितली, तर लोकांची संमती आधीच्या उणिवा भरून काढते. हा विचार आयत्या वेळी सुचलेला नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या गावांनी विधानसभेने लिहिलेली घटना १७७८ मध्ये नाकारली होती. त्यानंतर खास निवडलेल्या परिषदेने लिहिलेली आणि गावसभांनी मान्य केलेली घटना तेथे १७८० मध्ये अंमलात आली. जी विधानसभेवर बंधन घालणार, ती विधानसभेने कशी लिहावी, हा गावकऱ्यांचा साधा प्रश्न होता. फिलाडेल्फियाने तो देशपातळीवर नेला.

उंबरठा

याला जोडून दोन गोष्टी. जुन्या काँग्रेसने २८ सप्टेंबर १७८७ रोजी घटना राज्यांकडे पाठवली, पण तिच्यावर अनुकूल वा प्रतिकूल मत नोंदवले नाही. म्हणजे स्वतःच्या विसर्जनाला तिने विरोध केला नाही, एवढेच. आणि लोकांची संमती सहज मिळाली असेही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशी मते पडली. मॅसॅच्युसेट्सने तर दुरुस्त्यांची शिफारस जोडूनच होकार दिला, आणि अशाच मागण्यांतून १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या घटनेत आल्या.

न्यू हॅम्पशायर २१ जून १७८८ रोजी नववे राज्य ठरले आणि घटना प्रस्थापित झाली. वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्कमध्ये शपथ घेतली तेव्हा नॉर्थ कॅरोलिना आणि ऱ्होड आयलंड संघाबाहेर होती. ऱ्होड आयलंडने परिषदेला प्रतिनिधीच पाठवले नव्हते. मे १७९० मध्ये सिनेटने त्याच्याशी व्यापार बंद करण्याचे विधेयक मंजूर केले, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला तेथील सभेने ३४ विरुद्ध ३२ मतांनी घटना स्वीकारली. म्हणजे करारातला तेराही राज्यांच्या होकाराचा आकडा शेवटी भरला, पण तो नवे सरकार वर्षभर चालल्यानंतर आणि व्यापारबंदीच्या छायेत.